कागदाला परतीची वाट ठेवा

(या भागात बोललेल्याचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आजचा विषय फ्रेमचा आहे. भिंतीवर टांगतो ती साधी फ्रेम. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, बीटेक केलेला. फ्रेमिंग हा माझा धंदा नाही. पण गेल्या काही वर्षांत एक चित्र खराब करून आणि दोन चित्रं वाचवून जे शिकलो, ते तुमच्यापर्यंत पोचवावं असं वाटलं. कारण जुना कागद प्रत्येकाच्या घरात असतो. आजोबांचं चित्र, आत्याचं ड्रॉइंग, मोडीतलं पत्र, एखादी सनद. आणि प्रेमापोटी आपण सगळ्यात आधी काय करतो? त्याला चिकटवून टाकतो.

माझं गाव नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड. २०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, आणि घरोघरी जुन्या कागदांचा शोध सुरू झाला. आमच्याही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. नोंदीचं काय झालं तो वेगळा विषय. पण पेटीच्या तळाशी, एका हजेरीपटाच्या रजिस्टरमध्ये, तीन जलरंगातली चित्रं निघाली.

माझे आजोबा झेडपीच्या शाळेत मास्तर होते. ते चित्र काढायचे हे ऐकून होतो, पाहिलं कधीच नव्हतं. तिन्ही चित्रं बहात्तरच्या दुष्काळातली. एकात कोरडी विहीर, एकात लिंबाचं झाड आणि त्याखाली बसलेली जनावरं. तिसऱ्यात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका. डोक्यावर पदर, हातात हातोडी, पुढं दगडाचा ढीग. त्यातली एक माझी आजी. आजीनं बोट ठेवून दाखवलं, "ही मी. अन् ही सुकडी वाटायची जागा."

मी भारावून गेलो. चित्राचा फोनवर फोटो काढला आणि सुट्टी संपायच्या आत ते एका फ्रेमवाल्याकडं दिलं. त्याला एकच गोष्ट बजावली, "सुरकुती राहायला नको. एकदम टाईट पाहिजे."

त्यानं मी सांगितलं तेच केलं. पांढरा डिंक लावून अख्खं चित्र हार्डबोर्डवर चिकटवलं, कडा वाकड्या होत्या म्हणून चारी बाजूंनी सुताएवढ्या कापल्या, वरून थेट काच बसवली, मागून चुका ठोकल्या. दिसायला झकास. मी पैसे दिले, घरी आलो, आजीला दाखवलं.

आजीनं फ्रेम उलटी केली. पाठीमागं तपकिरी हार्डबोर्ड. म्हणाली, "आरं, पर मागची नावं कुठं गेली?"

"कसली नावं?"

"समद्या बायांची नावं लिव्हली व्हती त्यांनी मागं. शिसपेननं."

मंडळी, मी रोज ऑफिसात दोन ओळींचा बदल करायचा तरी आधी बॅकअप घेतो. आणि इथं मी चित्र उलटून बघितलंसुद्धा नव्हतं. फोटो होता तो फक्त पुढच्या बाजूचा. खडी फोडणाऱ्या बायांची नावं आता डिंकात, कागद आणि हार्डबोर्डच्या मधोमध.

चूक फ्रेमवाल्याची आहे असं मी म्हणत नाही. त्याला देवाचे फोटो, लग्नाचे फोटो, सत्काराची प्रमाणपत्रं करायची सवय. हे चित्र एकच आहे, दुसरी प्रत नाही, हे सांगायचं काम माझं होतं.

कागद हलतो

पुढच्या पावसाळ्यात चित्रावर फुगे आले. का आले ते शोधताना मला कागद म्हणजे काय ते कळायला लागलं.

कागद म्हणजे वनस्पतीचे तंतू. हवेत ओल वाढली की ते ओल पितात आणि कागद पसरतो, हवा कोरडी झाली की आकसतो. आमच्याकडं वैशाखात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि श्रावणात आगपेटीची काडी पेटत नाही. म्हणजे कागदाचं हे पसरणं-आकसणं दरवर्षी चालूच. आता तुम्ही तो बोर्डवर पूर्ण चिकटवला. बोर्ड वेगळ्या मापानं हलणार, कागद वेगळ्या. मग कागदाला फुगे येतात, नाहीतर तो फाटतो. थोडक्यात, कागदाची किंचित लहर हा दोष नाही. तो त्याचा श्वास आहे असं समजा.

दुसरी गोष्ट आम्लाची. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे कागजीपुरा नावाचं गाव आहे. शेकडो वर्षं तिथं हातकागद होत आला. जुना हातकागद चिंध्यांचा, म्हणजे कापसाच्या लांब तंतूंचा. त्यावरचं लिखाण शतकानुशतकं टिकतं. पण लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, वर्तमानपत्राचा म्हणा किंवा माझ्या आजोबांच्या ड्रॉइंगवहीचा, त्यात आम्ल असतं. ते कागदाला आतून पिवळं आणि ठिसूळ करतं. आणि हे आम्ल शेजारच्याला लागतं. आम्ल असलेला बोर्ड चांगल्या कागदाला टेकून ठेवला की तो चांगला कागदही बिघडतो. जुनी फ्रेम उघडली की माउंटच्या खिडकीच्या कडेनं तपकिरी चौकट उमटलेली दिसते ना? तो माउंटचा डाग. एका पाहुण्यांच्या वाड्यात मी रविवर्म्याच्या छापखान्याचं लक्ष्मीचं चित्र पाहिलं. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या लक्ष्मीच्या अंगावर दोन आडव्या तपकिरी रेघा. फ्रेम उलटली तर मागं तीन फळ्या, आणि रेघा बरोबर फळ्यांच्या सांध्यांवर.

एकच नियम

जे जे वाचलं, ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्याचा सार एका वाक्यात मावतो. कागदाला जे काही कराल, ते पुढं कुणालातरी सोडवता आलं पाहिजे. आमच्या भाषेत अनडू.

याचं मोठं उदाहरण आपल्याच मुलखात आहे. अजिंठा तेव्हा आमच्या बीडसारखाच निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९२० ते २२ च्या दरम्यान तिथल्या भित्तिचित्रांसाठी निजाम सरकारनं चेकोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना आणलं. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचं काम मोलाचं. पण चित्रांवर लाखेच्या रोगणाचा थर दिला गेला. कालांतरानं तो थर पिवळा पडला, त्यावर धूळ-काजळी बसली, आणि नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो काढण्यात वर्षानुवर्षं घालवावी लागली. त्या माणसांची नियत चांगलीच होती. म्हणून मी म्हणतो, नियतीवर भरवसा ठेवू नका, परतीच्या वाटेवर ठेवा.

या नियमानं बघितलं की काय टाळायचं ते आपोआप कळतं. सेलोटेप नको. तिचा चिकटा कागदात मुरतो, पिवळा होतो, टेप गळून पडते आणि डाग राहतो. पांढरा डिंक, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, मास्किंग टेप, काही नको. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. नोंदींच्या शोधाच्या त्या दिवसांत मी लोकांना शंभर वर्षांचे कागद लॅमिनेट करून आणताना पाहिलंय. उष्णतेनं वितळलेलं प्लास्टिक तंतूंत शिरतं. पुन्हा कागद मोकळा करणं जवळजवळ अशक्य. जपायचा कागद पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात नुसता सरकवून ठेवा. काम तेच होतं आणि पाहिजे तेव्हा बाहेर निघतो.

मग करायचं कसं

उरलेली दोन चित्रं मी स्वतः केली. क्रमानं सांगतो.

आधी हात धुऊन कोरडे करायचे. चित्र टेबलावर स्वच्छ कागदावर ठेवायचं, उचलायचं तर खाली पुठ्ठा घालून. दोन्ही बाजूंचा, परत सांगतो, दोन्ही बाजूंचा चांगल्या उजेडात फोटो किंवा स्कॅन. कडा कापायच्या नाहीत. फ्रेम चित्राच्या मापाची करायची, चित्र फ्रेमच्या मापाचं नाही.

मग दोन बोर्ड घ्यायचे, एकाच मापाचे. दोन्ही ॲसिड-फ्री, शक्यतो कापसाचे. मागचा सलग, पुढच्याला खिडकी कापलेली. दोघांना एका लांब कडेनं कापडी पट्टीनं जोडायचं, पुस्तकासारखं उघडेल असं. चित्र नेहमी मागच्या बोर्डला धरायचं, खिडकीच्या बोर्डला कधीच नाही. नाहीतर खिडकी उचलताना चित्र ताणलं जातं. खिडकीनं चित्राच्या कडा तीन-चार मिलिमीटर झाकल्या की पुरे.

चित्र धरायचं कसं? सगळ्यात सोपी आणि सुरक्षित रीत म्हणजे कोपरे. ॲसिड-फ्री पातळ कागदाच्या पट्टीची घडी घालून त्रिकोणी खिसे करायचे, जुन्या फोटो अल्बममध्ये असायचे तसे. चित्राचे चार कोपरे त्यात सैल बसवायचे आणि चिकटपट्टी फक्त खिशावरून बोर्डला लावायची. चित्राला चिकट काहीच लागत नाही. विहिरीचं चित्र मी असंच केलं.

लिंबाच्या झाडाच्या चित्राला कोपरेच नव्हते, कसरीनं खाल्लेले. तिथं बिजागरीची रीत. जपानी कागद मिळतो, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला, पातळ पण लांब तंतूंचा. त्याचे बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे. कात्रीनं कापायचे नाहीत. पाण्याची रेघ ओढून फाडायचे, म्हणजे कड केसाळ राहते आणि चित्रावर वळ उठत नाही. तुकड्याचा खालचा पाच मिलिमीटर भाग चित्राच्या पाठीमागं, वरच्या कडेला चिकटवायचा. वरचा भाग मागच्या बोर्डला, आणि त्यावर एक आडवी पट्टी. इंग्रजी टी अक्षरासारखं दिसतं. फक्त वर दोन ठिकाणी. खाली आणि बाजूला मोकळं, कागदाला हलायला जागा.

इथं एक गोष्ट मला फार आवडली. बिजागरीचा कागद चित्राच्या कागदापेक्षा नेहमी कमजोर घ्यायचा. फ्रेम पडली, धक्का बसला, तर बिजागरी फाटावी, चित्र नाही. विजेच्या फ्यूजचं जे काम, तेच.

चिकाची गोष्ट

बिजागरीला लावायचा डिंक म्हणजे गव्हाच्या स्टार्चची खळ. जगभरच्या संग्रहालयांत हीच वापरतात. कारण वाळल्यावर पक्की धरते आणि वर्षांनी पाणी दाखवलं की सुटते. जपानात तर एका प्रकारची खळ मडक्यात दहा-दहा वर्षं मुरवून वापरतात.

मी हे आजीला समजावत होतो. गहू, त्यातलं सत्त्व वेगळं काढायचं, पाण्यात बसू द्यायचं, शिजवायचं. ती म्हणाली, "मंग चीकच की! कुरडयाचा."

खरंच की. आपल्याकडं कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, वाटून चोथा काढतात, चीक तळाशी बसला की वरचं पाणी ओतून देतात. गव्हाचा स्टार्च वेगळा करायची हीच रीत. फरक एवढाच की घरच्या चिकात थोडी प्रथिनं राहतात आणि तो आंबलेला असतो. म्हणून चित्राला मी शुद्ध केलेला स्टार्च विकत आणला. शिजवला मात्र आजीनं. एक वाटी स्टार्च, पाच वाट्या पाणी, मंद आच, अर्धा तास सारखं ढवळणं, पांढरा रंग जाऊन काचेसारखा होईपर्यंत. "मीठ घालू का?" हे तिनं दोनदा विचारलं. मीठ नाही, तेल नाही. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. ते तर मुळीच नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचं संयुग, ते कागदाला जाळतं. गार झाल्यावर गाळणीतून दोनदा चोळून काढायची, सायीइतकी पातळ करायची आणि अगदी कमी लावायची. जास्त लावली तर कागद सुरकुततो, आणि कसरीला ते जेवणच आहे. लावल्यावर टीपकागद ठेवून वर वजन, रात्रभर.

काच, भिंत आणि काही अवघड चित्रं

काच चित्राला टेकता कामा नये. काचेच्या आत ओलीचे थेंब धरतात, बुरशी येते, रंग काचेलाच चिकटतो. माउंटची दीड मिलिमीटरची जाडी तेवढं अंतर देते. माउंट नको असेल तर खाचेत पट्टी घालून काच दूर ठेवायला सांगा.

वारलीची कागदावरची चित्रं बघा. शेणाचा किंवा गेरूचा थर आणि वर पांढरा जाडसर रंग. त्यावर काच दाबली तर ठिपके काचेबरोबर निघून येतात. खडूच्या आणि कोळशाच्या चित्राला काचेऐवजी ॲक्रिलिक लावू नका, त्याच्या स्थिर विजेनं भुकटी ओढली जाते.

चित्रकथीची गोष्ट आणखी वेगळी. पैठणची असो की सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची, तिथं दोन चित्रं पाठीला पाठ लावून एक पान केलेलं असतं, गोष्ट सांगताना पान उलटायचं म्हणून. त्याला मागची बाजू नाहीच. ते चिकटवलं की अर्धी गोष्ट गेली. दोन्ही बाजूंनी खिडकी ठेवून मधे कडांनी धरणं, नाहीतर सरळ पेटीत आडवं ठेवणं, हाच मार्ग.

उजेडाचं एक लक्षात ठेवा. उजेडानं गेलेला रंग परत येत नाही. इथं अनडू नाही. यूव्ही अडवणारी काच मिळते, ती चांगली, पण ती ऊन लागू दिल्याचा परवाना नव्हे. संग्रहालयांत नाजूक जलरंगांवर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, बाहेरच्या उन्हात तो लाखाच्या घरात असतो. दारासमोरची भिंत, खिडकीसमोरची भिंत नको. देवघराच्या वर नको, दिव्याची काजळी आणि उदबत्तीचा धूर. पावसाची झड लागणारी बाहेरची भिंत नको. जुन्या वाड्यांत फ्रेमा दोरीनं खुंटीला टांगून पुढं कललेल्या असायच्या. मागं हवा खेळायची. आता खिळ्यावर सपाट बसवतो, तर खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. भिंतीची ओल दूर राहते.

हे सगळं स्वतः करायची गरज नाही. तुमच्या नेहमीच्या फ्रेमवाल्याला चार वाक्यं सांगा: "चित्राला डिंक, टेप काही लावू नका. कडा कापू नका. काच टेकू देऊ नका. हार्डबोर्ड आणि चित्राच्या मधे मी देतो तो बोर्ड घाला." बहुतेक कारागीर ऐकतात. त्यांना कुणी सांगतच नाही.

आणि आधीच चिकटलेलं असेल तर? घरी सोडवायला जाऊ नका. वाफ नको, पाणी नको, सुरी नको. मी सुरीचं टोक एका कोपऱ्यात घालून पाहिलं, नखाएवढा कागद गेला. तेवढ्यावर थांबलो हे नशीब. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृती जतन करणारं केंद्र आहे, तिथली माणसं हे शिकलेली असतात. चित्र पालथं घालून मागचा बोर्ड थरथर खरवडत कागदापर्यंत पोचायचं, अशी त्यांची रीत असते. काम आठवड्यांचं. शाई असती तर डिंकाच्या पाण्यात पसरली असती. शिसपेन्सिल बऱ्यापैकी टिकते, एवढीच आशा आहे. अजून ते चित्र मी नेलेलं नाही. फ्रेममधून काढून, आडवं, कोरड्या जागी ठेवलंय.

मधल्या काळात आजीला घेऊन बसलो. फोनवर चित्र मोठं करून एकेका बाईवर बोट ठेवत गेलो. चित्रात अकरा बाया. आजीला आठ नावं आठवली. दोघींचं माहेर आठवलं, नाव नाही. एकीचं काहीच नाही. ती पाठमोरी आहे. आठ नावं मी वेगळ्या कागदावर शिसपेन्सिलनं लिहून ठेवलीत. उरलेली तीन फक्त त्या डिंकाखाली आहेत.

बाकीची दोन चित्रं आता घरात आहेत, बैठकीच्या आतल्या भिंतीवर. मागच्या बाजूला चुका न ठोकता फिरणाऱ्या कड्या बसवल्यात, म्हणजे फ्रेम उघडता येते. आत पुस्तक. कोपऱ्यांतून चित्र सरकवलं की पाठ वाचता येते. विहिरीच्या मागं आजोबांनी लिहिलंय, कुणाची विहीर, किती परस, पाणी कधी आटलं. आजीला वाचता येत नाही. मी गावी गेलो की एकदा तरी म्हणते, "काढ बरं ते, काय लिव्हलंय बघू." मी काढतो, वाचून दाखवतो, परत घालतो.

तर मंडळी, फ्रेमला द्यायच्या आधी कागद एकदा उलटून बघा. एवढंच. भेटू पुढच्या भागात.